दंतवैद्यगमनकाल-मीमांसा

आपल्याकडे निर्णयग्रंथांना तोटा नाही. कमलाकर भट्टांचा ‘निर्णयसिंधु’ १६१२ चा, पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांचा ‘धर्मसिंधु’ १७९० चा. एकादशी कोणत्या दिवशी धरावी, मुंज कधी लावावी, यांचा त्यांत भरपूर खल आहे. मात्र दाढ ठणकू लागल्यावर दवाखान्याची पायरी नेमकी कधी चढावी, याविषयी दोन्ही सिंधू कोरडे ठणठणीत. सुश्रुताने निदानस्थानात दाताचे आठ रोग सांगितले; कृमिदंतक, दंतहर्ष अशी भारदस्त नावेही दिली. पण दात दुखला की रोगी आपण होऊन वैद्याकडे येईल, असे त्याने बहुधा गृहीत धरले असावे. थोरांचाही भाबडेपणा असतो. ही उणीव भरून काढणे हाच प्रस्तुत टिपणाचा हेतू.

प्रथम पूर्वपक्ष. ‘दुखतंय तोवर सोसावे, थांबले की बरे झाले समजावे’ हे या पक्षाचे मुख्य सूत्र. अनुयायी घरोघरी आढळतात. लवंग हे त्यांचे आद्य साधन. लवंगेतल्या युजेनॉलने जागा बधिर होते हे खरे, पण खड्डा बुजत नाही. याच पक्षातली एक कडवी शाखा दुखऱ्या दाढेशेजारी अॅस्पिरिनची गोळी दाबून धरते. त्याने हिरडी भाजते, आणि नव्या आगीपुढे जुना ठणका फिका वाटतो. शाखेच्या मते हाच गुण.

यानंतरची अवस्था एकपक्षीय चर्वणाची, आणि अभ्यासकाला खरी सामग्री इथेच मिळते. उजवी दाढ किडली की माणूस नकळत डावीकडे वळतो. चिक्की पुढे आली की ‘हल्ली गोड नको वाटतं’ म्हणतो. पेरू चिरूनच मागतो, चकली आमटीत बुडवतो, कोकम सरबत गालाच्या एकाच बाजूने सरकवतो. जीभ दिवसभर त्या खड्ड्याला प्रदक्षिणा घालत असते. खिशात काड्या दिसू लागतात. दाढ दाखवण्यापेक्षा माणसाला आवडीनिवडी बदलणे सोपे जाते. घरचे मात्र फसत नाहीत. ‘अहो, एकाच बाजूनं का चावताय?’ या प्रश्नाला ‘पहिल्यापासून सवय आहे’ हे उत्तर आले, की निदान पक्के समजावे.

आता उत्तरपक्ष. पूर्वपक्षाने दुखण्यालाच पंचांग मानले, इथेच घोळ आहे. दाताचे बाहेरचे कवच शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ, पण त्यात मज्जातंतू नाहीत; त्यामुळे कीड मुकाट्याने कामाला लागते. ती आतल्या थरात उतरली की थंड पाण्याने सणक येते आणि क्षणात जाते. एवढ्यावर गेलात तर बहुधा सिमेंट भरून भागते. पुढे चहाच्या घोटानंतरची कळ रेंगाळू लागते, मध्यरात्री ठणका उठवतो, आणि आडवे झाले की डोक्याकडचा रक्तदाब वाढून तो बळावतो. ही रूट कॅनालची वेळ. मग एके सकाळी सगळे शांत! पूर्वपक्ष पेढे वाटतो. वस्तुतः आतली नस मेलेली असते, आणि जंतुसंसर्ग मुळाच्या टोकातून हाडाकडे निघालेला असतो.

पूर्वपक्षाचा एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. ‘डॉक्टरांच्या बाहेरच्या बाकावर बसलो की दुखणे थांबते, मग आत कशाला?’ अनुभव खरा आहे. पण त्या बाकाचा गुण घरी पोचेपर्यंतही टिकत नाही.

दाढेप्रमाणे हिरडीबाबतही हाच घोळ: हिरडीतून रक्त आले की लोक ब्रशला दोष देतात आणि नेमकी तीच जागा घासायची सोडतात. साचलेले किटण घट्ट झाले की ब्रशने निघत नाही, ते डॉक्टरांनीच काढावे लागते. ‘साफ केल्याने दात हलू लागतात’ हा प्रवाद जुना आहे. दात आधीच सैल झालेले असतात, किटणाने ते नुसते धरून ठेवलेले असतात.

तेव्हा सिद्धांत असा: घास ज्या दिवशी बाजू बदलू लागला, तोच गमनकाल. तो चुकला तर पहिल्या सणकेला जावे, निदान पहिल्या जागरणाला तरी. गाल सुजून ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर त्याच दिवशी निघावे; रात्र असेल तर रात्रीच. आणि तोंडातला व्रण किंवा पांढरा-लाल चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही, तर तो दुखो न दुखो, दाखवलाच पाहिजे. तंबाखू किंवा मशेरी लावणाऱ्यांनी तर यात मीमांसा करूच नये.