दीड मीटरवरचे डोळे

मोटरसायकलला जादा दिवे लावणाऱ्यांचे दोन वर्ग पडतात. पहिल्याला रस्ता दिसायला हवा असतो. दुसऱ्याला आपण रस्त्याला दिसायला हवे असतो. दुकानात मात्र दोघेही एकाच सुरात म्हणतात, "सेफ्टीसाठी पाहिजेत." सेफ्टी म्हटले की घरून पैसे सुटतात, असा मोटरसायकलवाल्यांचा अनुभव आहे. आमच्याकडे हा मंत्र लागू पडत नाही, कारण तिजोरी सांभाळणारी बाई व्यवसायाने चार्टर्ड अकाउंटंट आहे. "सेफ्टी" ऐकल्यावर तिने एवढेच विचारले, "कोणाची?"

तेव्हा मला तो टोमणा वाटला. मोटार वाहन नियमांचा सगळा प्रकाशविचार या एका शब्दावर उभा आहे, हे कळायला वेळ लागला.

आम्ही कोवलमला राहतो. केरळातल्या नव्हे. हे आधी सांगावे लागते, कारण पुण्याचे नातेवाईक अजूनही फोनवर "कथकली पाहिलीत का?" असे विचारतात. आमचे कोवलम चेन्नईच्या दक्षिणेला, ईस्ट कोस्ट रोडवर, महाबलीपुरमच्या अलीकडे. पूर्वेला बंगालचा उपसागर, पश्चिमेला केळंबाक्कमची मिठागरे, उत्तरेला मुत्तुकाडूची खाडी. जमीन तव्यासारखी सपाट. गावातला सर्वांत अवघड चढ म्हणजे आमच्या इमारतीच्या पार्किंगचा रॅम्प. अशा ठिकाणी डोंगर चढणारी मोटरसायकल बाळगणे हास्यास्पद आहे, हे मला मान्य नाही. 1955 साली मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली, आणि आज 'हिमालयन' नावाची गाडी याच समुद्रसपाटीवर तयार होऊन हिमालयात जाते. माझी गाडी तेवढी जायची राहिली आहे, इतकेच.

तोवर ती सिरुसेरीच्या आयटी पार्कात जाते, आणि परतताना मिठागरांच्या कडेने, सुरूच्या बनांतून जाणाऱ्या मातीच्या वाटा धरते. अंधार पडल्यावर या वाटांवर काय काय आडवे येते याची यादी मोठी आहे: म्हशी, चर, अर्धवट बुजवलेली पाइपलाइन, आणि दिवा नसलेल्या टीव्हीएस एक्सएलवर बसलेले तिघे. ताशी साठच्या वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर जाते. म्हैस दिसली, मेंदूला पटली आणि हात ब्रेककडे गेला, एवढ्यात एखादी छोटी इमारत मागे पडलेली असते. तेव्हा गरज खरी होती. फक्त गरज खरी असली की खरेदी शहाणपणाची होते, असा नियम नाही.

चेन्नईत गाडीला काही चिकटवायचे असेल तर जनरल पॅटर्स रोडला जातात. मराठी वाचकाने पुण्याची नाना पेठ डोळ्यांसमोर आणावी आणि तिच्यात फिल्टर कॉफी ओतावी. दुकानदाराने काउंटरवर खोके ठेवले. वर लिहिले होते, चाळीस वॅट, वीस हजार लुमेन. बरोबर आलेल्या आमच्या चार्टर्ड अकाउंटंटने खोके उलटसुलट करून पाहिले.

"चांगला एलईडी एका वॅटला किती लुमेन देतो?" तिने मला विचारले.

"शे-सव्वाशे," मी.

"म्हणजे चाळीस वॅटला पाच हजार. उरलेले पंधरा हजार कुठल्या खात्यात दाखवलेत?"

दुकानदाराने खोके निमूटपणे खाली ठेवले आणि आतून महागडे खोके आणले. त्यावर आकडा लहान होता. दिव्यांच्या बाजारात प्रामाणिकपणा असा विकत घ्यावा लागतो.

लुमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण प्रकाश; तो कुठे पडतो याच्याशी लुमेनला काही देणेघेणे नसते. पुढ्यातल्या झाडाच्या शेंड्यावर पडलेला प्रकाशही त्यात मोजतात, आणि समोरच्या रिक्षावाल्याच्या डोळ्यांत गेलेलाही. शिवाय अंतर वाढते तसा प्रकाश वर्गाच्या हिशेबाने पातळ होतो. तीच वस्तू दुप्पट अंतरावर तितकीच उजळ दिसायला हवी असेल तर प्रकाश चौपट लागतो. म्हणून शहाणा माणूस वॅट वाढवत नाही, भिंग बदलतो. आमच्यापासून दक्षिणेला, महाबलीपुरमला, 1887 साली एका जुन्या देवळाच्या माथ्यावर दीपगृह सुरू झाले. त्या काळचे दीपगृह म्हणजे तेलाचा दिवा आणि त्याभोवती फ्रेनेलच्या पद्धतीची भिंगे. लुमेनच्या हिशेबात असा दिवा आजच्या खोक्यावर छापायच्या लायकीचा नव्हता, तरी तो मैलोगणती लांबच्या जहाजाला दिसे. हे सगळे मी दुकानात सांगितले. दुकानदार म्हणाला, "सार, दीपगृह स्टॉकमध्ये नाही."

मग रंगाचा वाद. पांढरा सहा हजार केल्विन की पिवळा तीन हजार? पांढऱ्या एलईडीच्या पोटात खरे तर निळा एलईडी असतो आणि त्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर. तो निळा एलईडी बनवल्याबद्दल आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना 2014 चे नोबेल मिळाले. वीज वाचवून जग उजळावे ही त्यामागची भावना. ईस्ट कोस्ट रोडवर शनिवारी रात्री समोरून येणारी जीप पाहिली की त्यांना काय वाटेल कोण जाणे. पिवळा उजेड धुके भेदतो, अशी दुसरी श्रद्धा. फ्रान्सने तर कित्येक दशके गाड्यांना पिवळेच दिवे सक्तीचे केले होते. 1993 मध्ये सक्ती उठली. धुक्याचे थेंब एवढे मोठे असतात की त्यांना पिवळा आणि पांढरा सारखाच. फायदा असलाच तर तो आपल्या डोळ्यांना, पिवळा कमी खुपतो म्हणून. आणि चेन्नईत धुके असते कुठे? वर्षातून एकदा, भोगीच्या पहाटे, सगळे शहर घरातल्या जुन्या वस्तू जाळते. तेव्हा विमाने खोळंबतील इतका धूर होतो. एका सकाळसाठी फॉग लॅम्प घ्यायचा का? आम्ही घेतला. कारण धुक्याशी नव्हे, आकाराशी होते. फॉग लॅम्पचा झोत पसरट असतो आणि वरच्या बाजूला सुरीने कापल्यासारखा संपतो.

दुसरा पर्याय स्पॉट लाइटचा होता. सडसडीत, लांब, बाणासारखा झोत. माझे मन तिकडेच ओढत होते. पण केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नियम 111 म्हणतो की नोंदणी अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय गाडीच्या पुढे स्पॉट लाइट किंवा सर्चलाइट लावता येणार नाही, आणि तीही अपवादात्मक परिस्थितीतच. खोक्यावर बारीक अक्षरात 'फक्त ऑफ-रोड वापरासाठी' असे छापलेले होते. दुकानदाराचे म्हणणे, "सार, आपल्या महापालिकेचे रस्ते ऑफ-रोडच आहेत." युक्तिवाद बिनतोड होता, पण हवालदारापुढे चालला नसता.

दिवे बसवायला केळंबाक्कमच्या एका मेकॅनिककडे गेलो. त्याला सगळे अण्णा म्हणतात. मला दिवे हँडलवर हवे होते, म्हणजे हँडल वळेल तसा उजेड वळेल. अण्णाने मान हलवली आणि क्रॅश गार्डच्या खालच्या नळीवर बोट ठेवले. मग टॉर्च घेऊन त्याने प्रात्यक्षिक केले. डोळ्यांजवळ टॉर्च धरून अंगणातला खड्डा दाखवला. खड्डा जवळजवळ गायब. टॉर्च जमिनीलगत नेला; त्याच खड्ड्यात हातभर सावली भरली आणि तो विहिरीएवढा दिसू लागला. आपण उजेडाचे पैसे मोजतो, पण खड्डा दाखवते ती सावली. धूळ उडते तेव्हाही हेच: डोळ्यांजवळचा दिवा धुळीवर आपटून परत आपल्याच डोळ्यांत येतो. भौतिकशास्त्राची एवढी स्वच्छ शिकवणी मला कॉलेजात मिळाली नव्हती, आणि तिथे चहाही मिळत नसे.

पुढे वायरिंग. मी म्हटले, स्विच थेट बॅटरीला जोडू. अण्णाने कपाळाला हात लावला. "रिले पोटा दान सेफ, सार." म्हणजे रिले घातला तरच सेफ. रिले हा सरकारी कचेरीतल्या शिपायासारखा असतो: साहेबाने नुसती घंटी वाजवायची, जड फायली त्याने उचलायच्या. स्विचमधून इवलासा करंट जातो, तो रिलेतला चुंबक जागा करतो, आणि दिव्यांचा खरा करंट बॅटरीतून जाड वायरीने परस्पर जातो. दोन दिवे मिळून ऐंशी वॅट, बारा व्होल्टला जवळपास सात अँपिअर. म्हणून दहाचा फ्यूज, बॅटरीला शक्य तितका खेटून. गाडी चालू असताना किती वीज बनते, त्यातून हेडलाइट, इग्निशन, इंजेक्शन वजा जाता शिल्लक किती, याचा तक्ता तिने मोबाइलवर केला. शिल्लक बेताची होती, पण तोटा नव्हता. "ही गाडी घरातल्या काही माणसांपेक्षा बरी," ती म्हणाली, "उत्पन्न पाहून खर्च करते."

समुद्राकाठी मात्र सर्वांत मोठा खर्च मिठाचा. खोक्यावरच्या आयपी 67 या खुणेतला सहा धुळीला आणि सात मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडण्याला पुरतो. कोवलमची खारी हवा एवढी घाई करत नाही. ती महिनोन्‌महिने जोडात शिरते, तांबे हिरवे करते, आणि अॅल्युमिनियमच्या दिव्यात बसवलेला स्टेनलेसचा बोल्ट असा काही धरून ठेवते की पुढे दिवा निघतो, बोल्ट नाही. अण्णाने प्रत्येक बोल्टला ग्रीस आणि प्रत्येक जोडाला हीट श्रिंकची नळी चढवली.

आता खरी परीक्षा. नियम 106 म्हणतो की दिव्याचा झोत कायम इतका खाली वळवलेला असावा की दिव्यापासून आठ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत अशा माणसाचे डोळे दिपता कामा नयेत. नियम करणाऱ्यांनी इतके नेमके मोजमाप कोणाचे घेतले होते माहीत नाही, पण तशी व्यक्ती आमच्या घरातच निघाली. पाच फूट तीन इंच उंची, डोळे बरोबर दीड मीटरवर. माझी उंची कायद्याच्या कामाची नव्हती.

रात्री पार्किंगमध्ये टेप पसरली, खडूने फुली मारली आणि तिला फुलीवर उभे केले. वॉचमन खुर्ची घेऊन आला. पहिल्या मजल्यावरच्या दोन मामी गॅलरीत आल्या.

"दिपले?" मी विचारले.

"दिपले."

क्लॅम्प सैल केला, दिवा खाली झुकवला. "आता?"

"आता तुझे बूट दिसतायत, तू नाही."

"म्हणजे बरं की वाईट?"

"माझ्या दृष्टीने सुधारणा आहे."

मग ती गाडीपाशी आली आणि समोरच्या भिंतीवरची रेघ पाहत राहिली. रेघेच्या खाली लख्ख उजेड, वर काळोख. "पैसे या रेघेचे दिलेस तू," ती म्हणाली. "उजेड काय, त्या वीस हजारवाल्या खोक्यातही होता."

या रेघेची किंमत आमच्या गावात माझ्याखेरीज सगळ्यांना आधीपासून ठाऊक होती. किनाऱ्यावरच्या कोळ्यांपुढे मी कौतुकाने "एलईडी" म्हणालो, तर चेहरे आक्रसले. समुद्रात एलईडीच्या झगमगाटाने मासळी गोळा करून मारण्यावर केंद्राने नोव्हेंबर 2017 मध्ये बंदी घातली. मालवण-रत्नागिरीकडचे पारंपरिक मच्छीमार याच दिव्यांविरुद्ध वर्षानुवर्षे भांडत आले आहेत. दोन किनाऱ्यांच्या भाषा वेगळ्या, पण मी दिवा लावून दाखवताच आलेले "कण्णु कूसुदु, तंबी!" हे मालवणातही समजले असते: डोळे दिपतात, बाबा. आणि याच वाळूत थंडीच्या अखेरीस ऑलिव्ह रिडले कासविणी अंडी घालतात. पिल्ले बाहेर पडली की उजळ क्षितिजाकडे धावतात. हजारो वर्षे ते क्षितिज समुद्राचे होते, आता ते हॉटेलांचे आणि हेडलाइटचे असते. चेन्नईत 1988 पासून विद्यार्थ्यांची एक संस्था रात्र-रात्र किनारा तुडवून ही अंडी सुरक्षित जागी हलवते. मासा, कासव आणि मोटरसायकलवाला, तिघेही सर्वांत झगझगीत वस्तूकडे धावतात. फरक इतकाच की पहिल्या दोघांना त्यासाठी हप्ते भरावे लागत नाहीत.

म्हणून डांबरी रस्त्यावर मी दिव्यांना काळी झाकणे लावतो. "झाकायचेच होते तर घेतले कशाला?" हा प्रश्न पहिल्या मजल्यावरच्या मामींनी विचारला. उत्तर त्यांना डिसेंबर 2023 मध्ये मिळाले. मिचाँग चक्रीवादळाने वीज गेली, आणि तळमजल्यावर पाण्याच्या टँकरपाशी सगळी इमारत बादल्या घेऊन उभी राहिली. झाकणे निघाली. झोत खालीच वळलेला असल्याने बादल्या दिसत होत्या, कोणाचे डोळे दिपत नव्हते, आणि कोण रांग मोडतो तेही उघड होत होते. इंजिन बंद ठेवून आठ अँपिअर-तासांच्या बॅटरीवर हे तासभर जेमतेम चालते. म्हणून रांग भरभर सरकली. मामी आता गाडीची चौकशी करतात.

ऑफिसातला एक मित्र आहे. पहिल्या परिच्छेदातल्या दुसऱ्या वर्गातला. त्याच्या गाडीला पुढून इतके दिवे आहेत की रात्री ती आली की कुत्री आधी उठून बसतात. माझे दिवे पाहून त्याने दयेने विचारले, "किती लुमेन?"

"दीड मीटर," मी म्हणालो.

त्याने गंभीरपणे मान हलवली. पुढच्या आठवड्यात जनरल पॅटर्स रोडवरून त्याचा फोन आला: दुकानदाराकडे एक मीटरचे आहेत, दोन मीटरचेही आहेत, दीडचे कुठल्या कंपनीचे घेतलेस?