जवाईबापू कुठं पयून राह्यले?

डिसेंबरातल्या पहाटे पाच वाजता, अर्ध्या चड्डीवर, कपाळाला दिवा बांधून चाळिशी उलटलेला माणूस रस्त्याने पळताना दिसला, तर पांढुर्ण्यातले लोक हसत नाहीत. ते आधी त्याच्या मागे बघतात. मागे कुत्रं नाही, पोलीस नाही, काठी घेतलेला सासरा नाही, याची खात्री झाली की मग काळजीने विचारतात, "काऊन भौ, घरी सारं ठीक हाय ना?"

घरी सारं ठीक होतं. मेव्हणीचं लग्न होतं. ऑफिसने घरून काम करायची मुभा दिली होती, त्यामुळे ठाण्याचं बिऱ्हाड दिवाळीनंतर सासुरवाडीला हलवावं आणि लग्न उरकून संक्रांतीनंतर परतावं, असं बायकोने ठरवलं. अडचण एवढीच, की मुंबईची मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते आणि तिचे पैसे मी आधीच भरून बसलो होतो. मॅरेथॉनचं वेळापत्रक फार निर्दयी असतं. आठवड्याचे चार दिवस पळायचं, त्यातल्या रविवारी खूप लांब, आणि ते 'लांब' दर पंधरवड्याला वाढत न्यायचं. मेव्हणीच्या हळदीचा त्याला काही फरक पडत नाही.

पांढुर्णा म्हणजे मध्य प्रदेश, पण घरात, शेतात आणि भांडणात मराठी. 1956 साली रेघ ओढली गेली तेव्हा ही माणसं रेघेच्या पलीकडे राहिली. पाट्या हिंदीत, सरकारी कागद हिंदीत, आणि त्यावर सही करणाऱ्याची कुरकुर मात्र मराठीत. 2023 च्या ऑक्टोबरात पांढुर्णा आणि सौसर हे दोन तालुके छिंदवाड्यातून काढून त्यांचा वेगळा जिल्हा केला. मामाजी, म्हणजे माझे सासरे, या घटनेचा उल्लेख "आमचं हिस्सेवाटप झालं" असा करतात. नागपूरहून येणारा मोठा रस्ता पांढुर्ण्यावरून मुलताई-बैतूलकडे जातो, नागपूर-इटारसी रेल्वे याच गावातून जाते, आणि तिगाव ओलांडलं की चिचोंड्याचा घाट लागतो, जिथे मालगाडीलाही धाप लागते. घाटाचा सराव करायला मी एकदा त्या बाजूला गेलो होतो. त्याबद्दल यापलीकडे काही लिहिण्यासारखं नाही.

विदर्भात काय किंवा इथे काय, जावई ही पळवायची वस्तू नाही. त्याने पलंगावर बसायचं, पाणी मागायचं आणि वाढलेलं नाही म्हणायचं नाही. पहिल्या सकाळी मी परत आलो तेव्हा अंगणात शेकोटीभोवती सात-आठ नातेवाईक बसले होते आणि सासूबाई पदराने डोळे टिपत होत्या. शेजारच्या काकूंनी निरोप आणला होता, "तुमचे जवाई अंधारात स्टेशनाकडं पयत गेले." लग्नघरातून, पहाटे, स्टेशनाकडे. थोरल्या मेव्हण्याने मोटरसायकल काढलीही होती. मी घामाघूम होऊन फाटकातून आत आलो तेव्हा लोकांनी असा सुस्कारा सोडला, की त्याच्यात शेकोटी दोनदा भडकली.

"काही कमी पडलं का जवाईबापू?" मामाजींनी विचारलं.

मी मॅरेथॉन समजावून सांगितली. ग्रीसमध्ये मॅरेथॉनच्या लढाईनंतर एक निरोप्या विजयाची बातमी घेऊन अथेन्सपर्यंत पळाला, बातमी सांगितली आणि तिथेच मेला, अशी दंतकथा आहे. शेकोटीभोवती शांतता पसरली. "म्हंजे त्याचं वर्षश्राद्ध असते का हे?" आत्येसासूंनी विचारलं. मामाजींना मात्र अंतरात रस होता. बेचाळीस किलोमीटर ठीक, वरचे 195 मीटर कशाला? मी म्हटलं, 1908 च्या लंडन ऑलिंपिकला शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू करून स्टेडियममधल्या राजघराण्याच्या कक्षासमोर संपवली, आणि पुढे 1921 साली तोच आकडा कायम झाला. मामाजी बराच वेळ शेकोटीकडे बघत राहिले. "इंग्रज गेले तरी वसुली चालूच हाय," ते म्हणाले.

या गावाला पळण्याचा इतिहास नाही असं मात्र कुणी समजू नये. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे गोटमार होते. जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात आणि एका काठावरून पांढुर्ण्याचे, दुसऱ्या काठावरून सावरगावचे लोक दिवसभर एकमेकांना दगड मारतात. शेकडो माणसं जखमी होतात, काही वर्षी जीवही गेले आहेत. प्रशासनाने एकदा दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. लोकांनी दगडच पसंत केले. शेवटी झेंडा चंडीमातेला वाहतात. यामागची कथा सगळ्यांना पाठ आहे: पांढुर्ण्याचा मुलगा सावरगावच्या मुलीला घेऊन पळाला, दोघं नदीच्या मध्यावर असताना मुलीकडच्यांनी दगड मारले आणि मुलाकडचे त्यांना वाचवायला धावले. हिवाळ्यात ते पात्र अगदी गरीब दिसतं. रोज पहाटे तिथल्या पुलावर आलो की माझा वेग आपोआप वाढायचा. मुलीला घेऊन पळणाऱ्या जावयासाठी गावाने ही सोय केली. मुलीला झोपलेली सोडून एकट्याने पळणाऱ्यासाठी काय परंपरा आहे, हे विचारायचं मला धाडस झालं नाही.

रस्त्यावर मी एकटा नसे. गावाबाहेर पडलं की धुक्यातून पोट्टे येत, आणि पोट्ट्याही. कुणाची पोलीस भरती, कुणाची सैन्यभरती. रस्त्याच्या कडेला चुन्याची रेघ, तिच्यापासून मोजलेले सोळाशे मीटर, आणि मोबाइलवर वेळ लावणारा एक मित्र. ही मुलं जुन्या कॅनव्हासच्या बुटांत, काही अनवाणी, मला असं मागे टाकून जात की माझ्या बुटांची किंमत मी त्यांना कधी सांगितली नाही. चौथ्या-पाचव्या सकाळी त्यातला एक माझ्या बाजूने हळू पळू लागला. म्हणजे त्याच्यासाठी हळू.

"काका, कोनती भरती?"

"भरती नाही. मॅरेथॉन."

"किती मीटर?"

"बेचाळीस हजार एकशे पंच्याण्णव."

तो पळायचा थांबला. मग धावत येऊन पुन्हा गाठलं. "पोस्ट कोनती हाय?"

पोस्ट नाही, पगार नाही, उलट आपणच पैसे भरायचे, शेवटी एक पदक मिळतं, ते सगळ्यांना मिळतं, हे ऐकताना त्याचा चेहरा उतरत गेला. घरची परिस्थिती वाईट असलेल्या माणसाकडे बघावं तसं त्याने माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून ती सगळी टोळी मला "काका, दम सोडू नका, फॉर्म निंघते" असं म्हणत पुढे जाऊ लागली. त्यांच्या हिशेबी सोळाशे मीटरला अर्थ होता, कारण त्याच्या पलीकडे नोकरी होती. बेचाळीस किलोमीटरच्या पलीकडे फक्त आझाद मैदान आहे.

अंधारात भेटणारे दुसरे लोक म्हणजे शेतकरी. शेताला वीज बरेचदा रात्री मिळते, त्यामुळे कडाक्याच्या थंडीत माणसं ओलितावर असतात. कानटोपी, घोंगडं, हातात बॅटरी. त्यांच्या दृष्टीने थंडीत रात्री घराबाहेर पडायला विजेखेरीज दुसरं कारण असू शकत नाही. एकाने मला हाक मारून विचारलं, "तुमच्याकडं लाइन आली का?"

आणि तिसरे, राखणदार. हा सगळा भाग संत्र्याचा. ऑक्टोबर ते डिसेंबर आंब्या बहाराची तोडणी चालते, चौकाचौकात व्यापाऱ्यांचे ट्रक लागतात, प्लास्टिकच्या कॅरेटांच्या उतरंडी उभ्या राहतात आणि हवेला सालीचा वास येतो. अशा दिवसांत झाडाला लगडलेला बगीचा उघडा टाकून कुणी झोपत नाही. एका पहाटे मी दोन बगिच्यांमधल्या पांदणीतून पळत होतो. अंगात फुगीर खिशांचं जाकीट होतं, खिशांत पाण्याच्या बाटल्या. कुंपणापलीकडून बॅटरी पडली.

"कोन हाय बे?"

आता इथे धावणाऱ्याच्या मनाची घडण समजून घ्यायला हवी. पंधरा किलोमीटर एका लयीत झालेले असतात, मनगटावरचं घड्याळ वेग मोजत असतं, थांबलं की सरासरी बिघडते. मी थांबलो नाही. हात वर करून "राम राम" म्हटलं आणि पळत राहिलो. पहाटे बगिच्यातून फुगलेल्या खिशांनी, राम राम करून पळणारा माणूस कोण असतो, हे राखणदाराला शिकवावं लागत नाही. त्याने आरोळी ठोकली. पुढच्या बगिच्यातून दुसरी बॅटरी लागली, मग तिसरी. त्या दिवशी मी जो वेग गाठला तो माझ्या घड्याळाने 'वैयक्तिक विक्रम' म्हणून जपून ठेवला आहे.

पांदण जिथे संपते तिथे तिघं काठ्या घेऊन उभे होते. खिशातून पाणी निघालं तेव्हा त्यांची निराशा झाली. "चोरलं नाई, त मंग पयून काऊन राह्यला?" या प्रश्नाला माझ्याकडे पटेल असं उत्तर नव्हतं. शेवटी मी मामाजींचं नाव सांगितलं. एकदम सूर बदलला. "हात्तिच्या! जवाई व्हय का!" आणि त्यांनी माझ्या बाटल्या काढून त्याच खिशांत संत्री कोंबली. घरापर्यंतचा उरलेला रस्ता मी खरोखर चोरासारखा दिसत गेलो.

डिसेंबर संपता संपता पायांनी दगा द्यायला सुरुवात केली. पोटऱ्या भरून येत, जिना उतरताना मी कठडा धरून आडवा चालत असे. सासूबाईंनी एरंडेल काढलं. मामाजींनी मला मोटरसायकलवर बसवून बगिच्यात नेलं. तोडणी झालेली झाडं मलूल उभी होती, पानं खाली वळलेली, काही पिवळी पडून गळलेली.

"पानी बंद केलं हाय," ते म्हणाले. "याले ताण देणं म्हंते. पानी देत राह्यलं का झाड नुसतं पालवते, फुलत नाई. जानेवारीत ताण तोडला, पानी सोडलं, का आंब्या बहार फुटते." थोडं पुढे जाऊन त्यांनी एका वाळत चाललेल्या झाडाला हात लावला. "हलक्या जमिनीत महिनाभर पुरते. भारी काळ्या जमिनीत त्याच्याहून लय जास्त लागते. हलक्या जमिनीले भारीचा ताण दिला, त हे असं होते." मग माझ्या पोटऱ्यांकडे बघून म्हणाले, "तुमची जमीन हलकी दिसते."

माझ्या मोबाइलमधल्या परदेशी प्रशिक्षकाचं वेळापत्रक बारा पानांचं होतं. त्यातही शेवटचे दोन-तीन आठवडे अंतर कमी करत न्या, शरीराला सावरू द्या, असंच लिहिलं होतं. फक्त त्याने जमीन पाहिलेली नव्हती.

पण त्याआधी सर्वांत लांब पल्ला बाकी होता. पांढुर्ण्याहून सौसर तीस-पस्तीस किलोमीटरच्या आसपास. सौसरला मावससासूंचं घर, म्हणजे शेवटी जेवण नक्की. मामाजी मोटरसायकलवर मागून, हँडलला संत्र्यांची पिशवी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तुरी, वेचणी संपत आलेला कापूस आणि बगीचे. मामाजी शांतपणे बाजूने गाडी चालवत आणि भेटेल त्याला थांबून सांगत, "जवाई हायेत. लग्नाचा नवस हाय." मॅरेथॉन समजावण्यापेक्षा नवस सोपा. एका गावात बायांनी माझ्या पायांवर पाणी घातलं.

नवसाला देव हवा, म्हणून वाट वाकडी करून जामसावळीला गेलो. इथला हनुमान पिंपळाखाली आडवा झोपलेला आहे. कुणी सांगतं, मूर्ती पूर्वी उभी होती, खालचं धन काढायला लोक आले तेव्हा मारुती त्यावर आडवा झाला. कुणी सांगतं, संजीवनी आणताना इथे विसावला. शनिवार-मंगळवारी पाय ठेवायला जागा नसते. लांब पल्ल्याचा आपल्याकडचा सर्वांत मोठा खेळाडू पाय पसरून पडलेला पाहिल्यावर माझेही गुडघे आपोआप वाकले. बसलो तो उठेना. मामाजी म्हणाले, "बसा, बसा. त्यानं लंका गाठली, तुमाले सौसर गाठायचं हाय."

सौसर गाठलं. मावससासऱ्यांनी ओसरीत खुर्ची दिली, घड्याळ पाहिलं आणि मला लागलेल्या वेळाचा हिशेब केला. नागपूर-छिंदवाड्याची छोटी गाडी, अडीच फुटी रुळांची, 2015 साली बंद झाली आणि त्या जागी आता रुंद रूळ आले. तिच्यातून माणसं उतरायची, बोरं तोडायची आणि पळत जाऊन पुन्हा चढायची, असं ते सांगतात. "तुमी छोट्या गाडीहून जरा हळू हा," ते म्हणाले, "पन तिच्यासारखे मधीच बंद नाई पडले." इतकी मोकळी दाद मला मुंबईत कुणी दिली नाही.

संक्रांत शर्यतीच्या तोंडावर आली. शेवटच्या आठवड्यात भात-पोळी भरपूर खावी, असं वेळापत्रकात लिहिल्याचं बायकोने आईला वाचून दाखवलं, ही तिची चूक. सासूबाई अडीच महिने याच क्षणाची वाट बघत होत्या. पुरणपोळ्या, रोडगे, वांग्याची भाजी, तिळाचे लाडू. मी नको म्हणालो की कागद पुढे येई.

नागपूरहून दुरांतो सीएसएमटीला सोडते आणि मॅरेथॉन तिथूनच सुरू होते, त्यामुळे सोय उत्तम. मुंबई पहाटेही घामट होती. पांढुर्ण्याच्या थंडीत तयार झालेलं शरीर सागरी सेतूपर्यंत चाललं, परतीच्या पेडर रोडच्या चढावर वितळलं, आणि आझाद मैदानाजवळ कसंबसं रेघेपलीकडे गेलं. पदक मिळालं.

संध्याकाळी मामाजींना फोन केला. मागे बरेच आवाज येत होते. भरतीची पोरं निकाल विचारायला घरी आली होती. मी पदकाचं सांगितलं. मामाजींनी फोन बाजूला धरून सगळ्यांना मोठ्याने खबर दिली, आणि मग त्या पोट्ट्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला:

"पयले त चांगले असतीन काका. पन वय निंघून गेलं ना. मेडल देऊन वापस पाठवलं."