खातं एकाचं, पासवर्ड दुसऱ्याचा

सकाळचे अकरा. स्लीपरचं तत्काळ आरक्षण उघडतं तेव्हा सुपा एमआयडीसीतली पहिली पाळी ऐन भरात असते. ज्याला बिहारमध्ये दानापूरला जायचंय तो कामगार मशीनवर उभा. मग त्याचं तिकीट कोण काढतंय?

नाक्यावरचा मोबाईलवाला.

1 जुलै 2025 पासून आयआरसीटीसीवर तत्काळ तिकिटासाठी आधारने पडताळलेलं खातं लागतं. 15 जुलैपासून आधारचा ओटीपीही. एजंटांना पहिला अर्धा तास बंदी. 1 ऑक्टोबर 2025 ला साध्या आरक्षणाची पहिली 15 मिनिटंही पडताळलेल्या खात्यांनाच राखली गेली. नियम चुकीचा आहे का? मुळीच नाही. तत्काळ उघडल्यावर पहिल्या पाच मिनिटांत लॉगिनचे निम्म्यापर्यंत प्रयत्न सॉफ्टवेअर करत होतं, हे खुद्द रेल्वेनंच सांगितलंय. अडीच कोटी खाती बंदही केली.

अडीच कोटी! एवढी साठेपर्यंत कुणाचंच लक्ष नव्हतं?

असो, चाळणी लागली. आता तिच्यात अडकतंय कोण ते बघा.

आधार काढलं गावी, पाच-सात वर्षांपूर्वी. तेव्हाचं सिम आज भावाकडे. ओटीपी बिहारमध्ये वाजतो, गडी सुप्यात. भावानं फोन उचलून आकडे सांगेपर्यंत वेटिंग लागलेलं असतं. नंबर बदलायची फी 75 रुपये. पण केंद्रावर जायचं म्हणजे खाडा, आणि खाडा म्हणजे दिवसाची हजेरी गेली.

एवढं कोण करणार? मोबाईलवाला म्हणतो, आधार दे, खातं मी उघडतो.

खातं कामगाराचं, पासवर्ड दुकानदाराचा.

आधार जोडलेल्या खात्यावर महिन्याला 24 तिकिटं निघतात. कामगार गावी जातो वर्षातून दोनदा, छठला आणि लग्नसराईत. उरलेली तिकिटं कुणाच्या खिशात? उद्या धाड पडली तर नाव कुणाचं निघेल? रेल्वे कायद्याच्या कलम 143 खाली तिकिटांच्या बेकायदा धंद्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. ऑनलाइन तिकिटांनाही ते लागू होतं, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2025 मध्ये स्पष्ट केलंय. ज्याच्याकडून आधार घेतलं, त्याला यातलं काय ठाऊक?

आणि दलाल? नियम येऊन महिनाही झाला नव्हता, तोवर टेलिग्रामवर पडताळलेली खाती 360 रुपयांना विकली जात असल्याचं ‘इंडिया टुडे’नं दाखवून दिलं.

पडताळणी आधारची झाली. आधार कुणाच्या हातात आहे, हे कोण बघणार?

रेल्वेच्या आरक्षण खिडकीवर मात्र आधारचं खातं लागत नाही. अर्जावर लिहिलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो, तो सांगायचा. म्हणजे या कामगाराला सोयीची जागा तीच. पण सुप्यात रेल्वे नाही, खिडकी आहे तीसेक किलोमीटरवर अहिल्यानगरला. अकराला तिथं रांगेत उभं राहायचं तर पुन्हा खाडाच!

रेल्वेचं आरक्षण देशातल्या कितीतरी पोस्टांत होतं. सुप्याच्या पोस्टात का नको? कारखानदारांनी सुटीच्या दिवशी गेटवर आधारचं शिबिर घेतलं, तर नंबर बदलायला किती वेळ लागेल? दोन्ही मागण्या रास्त आहेत. ग्रामपंचायतीनं आणि उद्योजकांच्या संघटनेनं त्या लेखी द्याव्यात, आणि छठच्या आत द्याव्यात.

तोवर एवढं करा. तुमच्या चाळीत भाड्यानं राहणाऱ्या पोराला आज संध्याकाळी विचारा, “तुझ्या खात्याचा पासवर्ड कुणाकडे आहे?” दुकानदाराकडे असेल, तर तिथंच बसून बदलून द्या.