ठासणीचा मामला

बर्लिंग्टन, व्हरमाँट
माघ वद्य पंचमी

तीर्थरूप मामंजींच्या चरणी सूनबाईचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

दूरध्वनीवर आपल्याला अर्धे ऐकू येते आणि उरलेले अर्धे सासूबाई आपल्या मगदुराप्रमाणे भरून काढतात, त्यामुळे ‘मुलगा अमेरिकेत बंदूक घेऊन रानात पळत होता’ एवढाच मजकूर वाडीत पसरला आणि शेजारपाजारची माणसे धीर देण्यास येऊन गेली, असे कळले. तेव्हा झाल्या प्रकाराची साद्यंत हकीकत, महसूल खात्यात अव्वल कारकून असताना आपण पंचनामे जसे वाचून पाहत असाल तशी ती वाचता यावी अशा बेताने, लेखी रुजू करणे मला भाग आहे.

येथून तासाभराच्या अंतरावर जेफर्सनव्हिल नावाचे खेडे आहे. ज्या अध्यक्ष जेफर्सनसाहेबांचे नाव त्याने धारण केले, त्यांच्याच अमदानीत 1807 साली परमुलखाशी व्यापार करण्यास मनाई झाली, आणि ह्याच गावाच्या माथ्यावरील खिंडीतून लोकांनी गुरे व माल चोरवाटेने कॅनडात उतरवला. त्या खिंडीला आजतागायत स्मगलर्स नॉच म्हणतात. सरकारचा हुकूम आणि त्याची पायमल्ली एकाच पंचक्रोशीत इतक्या सलोख्याने नांदताना आपण नोकरीत असताना पाहिली असेलच. ह्या खिंडीच्या पायथ्याशी जानेवारीच्या अखेरीस प्रिमिटिव्ह बायॅथलॉन ह्या नावाची एक शर्यत होत आली आहे. पायांना लाकडी चौकटीच्या, कच्च्या चामड्याच्या वाद्यांनी विणलेल्या जाळ्या बांधावयाच्या, म्हणजे भुसभुशीत बर्फात माणूस मांडीपर्यंत रुतत नाही; खांद्यावर ठासणीची बंदूक घेऊन जंगलातून चालत सुटावयाचे; ठिकठिकाणी थांबून, बंदूक तोंडाकडून भरून, टांगलेल्या लोखंडी चकत्यांवर गोळी झाडावयाची. चालण्याला लागलेला वेळ आणि लागलेले नेम ह्यांचा मेळ घालून निकाल ठरतो. 1960 पासून ऑलिंपिकमध्ये स्की आणि आधुनिक रायफल घेऊन जी बायॅथलॉन खेळतात, तिचा हा हौसेने मागे नेलेला अवतार आहे.

यंदा आपले चिरंजीव ह्या शर्यतीत उतरले. तेथे जमलेल्यांपैकी बरेचसे लोक अठराव्या शतकातील पोशाखात होते: कांबळ्याचे लांब झगे, कमरेला कुऱ्हाड, गळ्यात दारूचे शिंग. ह्या वेषाला इतिहासाचा आधार आहे. 13 मार्च 1758 रोजी, म्हणजे राघोबादादांची फौज लाहोरात शिरली त्याच्या महिनाभर आधी, येथून दक्षिणेस लेक जॉर्जच्या परिसरात रॉबर्ट रॉजर्स ह्याची इंग्रजांच्या बाजूची तुकडी आणि फ्रेंच व त्यांचे मूलनिवासी साथीदार ह्यांच्यात अशाच जाळ्या पायांत बांधून लढाई झाली. तीत रॉजर्सची बहुतेक माणसे पडली, आणि तो स्वतः जाळ्या उलट्या बांधून, आपण तळ्याकाठच्या कड्यावरून खाली घसरून गेलो असा खोटा माग ठेवून निसटला, अशी आख्यायिका आहे. पराभूत सरदाराच्या नावाने लोकांनी इतक्या थंडीत एवढा थाट करावा ह्याचे मला प्रथम नवल वाटले. पण पानिपताचा विषय निघताच ज्यांचा आवाज चढतो, त्या आपण मंडळींनी ह्यावर बोलण्यात अर्थ नाही.

आता आपल्या मनात प्रथम उद्भवलेल्या प्रश्नाचे उत्तर देते. परवाना नाही. मामंजी, कृपा करून आरामखुर्चीतून उठू नये. 1959 च्या शस्त्र कायद्याखाली कुडाळ तालुक्यातील शेतकऱ्याने माकडे आणि रानडुकरे हाकण्यासाठी ठासणीची बंदूक बाळगावयाची म्हटले, तर त्याचे अर्ज, त्याचे दाखले, मुदतीपूर्वीचे नूतनीकरण, आणि निवडणूक लागताच ती ठाण्यात जमा करून घेतलेली पावती, हे सारे ज्यांच्या नजरेखालून हयातभर गेले, त्यांना हे कळवताना मला क्लेश होतात; परंतु इकडील 1968 च्या केंद्रीय कायद्याच्या व्याख्येप्रमाणे तोंडाकडून ठासण्याची, काळ्या दारूवर चालणारी बंदूक ही मुळात बंदूकच नव्हे. आपल्या चिरंजीवांनी ती बटाट्यांच्या पिशवीशेजारी मोटारीत ठेवून घरी आणली.

सरकारने जी सत्ता सोडली ती मात्र स्पर्धेच्या पंचांनी व्याजासह वसूल केली आहे. गोळी गोलच हवी, आणि ती कापडाच्या तुकड्यात गुंडाळलेली हवी. दुर्बीण वर्ज्य. वाटेत नळीचे तोंड कोणाकडेही वळता कामा नये, आणि नेमाच्या जागी उभे राहिल्याशिवाय बार पेटवणारी टोपी चढवावयाची नाही. शिंगातून दारू थेट नळीत ओतण्यास सक्त मनाई. आधी मापात घ्यावयाची, मग मापातून ओतावयाची, कारण मागल्या बाराची एखादी ठिणगी आत जिवंत असली तर शिंग आणि शिंगधारी दोघांचाही निकाल एकदमच लागतो. हे नियम ज्या पांढऱ्या दाढीच्या गृहस्थांनी आम्हांस ऐकवले, त्यांनी ज्या निर्विकारपणे चिरंजीवांच्या सामानातील एकेक त्रुटी दाखवून दिली, तो पाहून मला आपली फार आठवण झाली.

चिरंजीवांची तयारी दिवाळीपासून चालू होती. गोळीभोवतीच्या कापडासाठी येथील जाणकार गादीपाटाचे सुती कापड पसंत करतात, असे वाचल्यावर आमच्या घरातील उशांवर संक्रांत आली. त्या कापडाला वंगण लागते. जुने लोक अस्वलाची चरबी वापरीत. माळकरी घराण्यात ती येणे शक्य नसल्याने सासूबाईंनी डोक्याला लावण्यासाठी पाठवलेले खोबरेल त्या कामी योजण्यात आले, आणि ते दिवाणखान्यात उत्तम चालले. परंतु जे तेल आपल्या माजघरात पौषातल्या पहाटेही गोठते, त्याचे उणे पंधरा अंशांवर काय होईल ह्याचा विचार करण्याइतकी सवड चिरंजीवांना मिळाली नव्हती. शर्यतीच्या सकाळी ते कापड नाण्यासारखे वाजत होते. अखेरीस शेजारच्या, सत्तरी उलटलेल्या बाईंनी सांगितलेला उपाय, म्हणजे कापड तोंडात धरून थुंकीने ओले करणे, सर्वानुमते मान्य झाला. ह्याच बाईंनी आपली दुसरी बंदूक मला उसनी दिली होती, आणि मीही स्त्रियांच्या गटात नाव घातले होते, ही बाब सासूबाईंना आपण सावकाश सांगावी.

चिरंजीव इशारा होताच धावत सुटले. जाळ्या बांधलेल्या माणसाने धावणे हे दृश्य प्रेक्षणीय असते, कारण एका पायाची जाळी दुसऱ्या जाळीवर पडली की पुढचा पाय मागच्याला अटकाव करतो आणि देह तेवढा मुदतीपूर्वी मुक्कामी पोचतो. असे वारंवार झाले. पण दर वेळी बंदुकीची नळी आकाशाकडेच राहिली, हे नमूद केले पाहिजे. खरी अडचण पुढची होती. धापा टाकणाऱ्या माणसाच्या बंदुकीवरची माशी श्वासाबरोबर वरखाली होते, चश्म्यावर वाफ धरते, आणि गारठलेल्या बोटांतून वाटाण्याहून लहान टोपी निसटून बर्फात पडली की ती वसंतातच सापडावयाची. त्याच गडबडीत चिरंजीवांनी आधी गोळी ठासली आणि दारू भरण्याचे राहून गेले. घोडा पडला, टोपी फटकन वाजली आणि पुढे काहीही झाले नाही. अशी अडकलेली गोळी गजाच्या टोकाला स्क्रू लावून उपसून काढावी लागते. भोवतालचे कोणीही हसले नाही. पांढऱ्या दाढीच्या गृहस्थांनी खिशातून तो स्क्रू इतक्या सहजतेने काढला की, तो त्यांना दरसाल लागत असावा.

मी व शेजारच्या बाई चालत निघालो. कुडाळच्या कचेरीत एका मेजावरून दुसऱ्या मेजावर फाईल ज्या गतीने सरकते त्या गतीने आम्ही सरकलो, आणि प्रत्येक ठिकाणी पोचल्यावर आधी श्वास स्थिरावू दिला. मग दारू, मग कापड, मग गोळी, मग गज, सर्वांत शेवटी टोपी. काळ्या दारूचा बार म्हणजे आवाजाहून धूरच अधिक. समोर पांढरा पडदा उभा राहतो आणि नेम लागला की नाही हे त्या पडद्याआडून आलेल्या लोखंडाच्या ठणक्यावरूनच समजते. बाईंचा एकही बार वाया गेला नाही. माझे काही गेले, पण ठणका चिरंजीवांपेक्षा अधिक वेळा ऐकू आला, आणि निकालाच्या फलकावर माझे नाव त्यांच्या वर होते. ते म्हणतात, वेळ पाहिली तर तेच पुढे होते. वेळेच्या बाबतीत त्यांचे म्हणणे खरे आहे.

शर्यतीनंतरचा भाग मात्र कोणी आधी सांगत नाही. सोरा, कोळसा आणि गंधक ह्यांची ही दारू जळाल्यावर नळीत जी काजळी बसते, ती त्याच रात्री कढत पाण्याने धुतली नाही तर लोखंडाला गंज चढतो. आणि ती धुताना घरभर कुजक्या अंड्यांचा वास सुटतो. ज्या घरात आपल्या आज्ञेवरून कधी अंडे आणले नाही, त्या घराच्या न्हाणीघरात एकादशीच्या पूर्वसंध्येला हा विधी पार पडला. नातवाने नाक दाबून सर्व खिडक्या उघडल्या, आणि उघड्या खिडक्यांतून काय आत आले हे हवामान लक्षात घेता लिहिण्याची आवश्यकता नाही.

पुढील वर्षी टोपीची बंदूक सोडून चकमकीची घ्यावयाची, असा चिरंजीवांचा मनसुबा आहे, आणि त्यासाठी कणकवलीकडच्या ओढ्यातील उत्तम गारगोट्या पार्सलने मागवण्याविषयी त्यांचा स्वतंत्र अर्ज आपल्याकडे लवकरच पोचेल. त्यावर कोणताही निर्णय न देता ‘दप्तरी दाखल’ एवढाच शेरा मारावा, अशी माझी नम्र विनंती आहे. सासूबाईंना नमस्कार सांगावा. खोबरेल संपले आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली आज्ञाधारक,
सूनबाई