साताऱ्याची साइट सांगलीत: एक स्थलांतरमीमांसा

चालू साइट उचलून घरच्या संगणकावर आणावी आणि तिथे तिची हवी तशी मोडतोड करून पाहावी, या विषयाकडे मराठी विद्वानांनी कायम काणाडोळा केला आहे. बिऱ्हाड हलवताना हरवलेल्या पोळपाटावर आपल्याकडे लेख सापडतील. डेटाबेस हलवताना हरवलेल्या मेनूवर एक ओळ नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी प्रस्तुत अभ्यासकाने सांगलीच्या विश्रामबागेत दीड खोलीत तीन आठवडे घालवले. राजाश्रय साताऱ्याच्या एका पेढेवाल्या दादांचा. त्यांना सांगलीत शाखा काढायची होती. फोनवर त्यांनी सूत्र सांगितले, ते असे: "साइट हाय तशीच ठेवा, गाव तेवढं बदला. पण आदी तुमच्या घरी करून बगा. आमची चालू साइट बंद पडाय नगं."

'गाव तेवढं बदला' हे तीन शब्दांचे सूत्र दिसायला सोपे आहे. पुढचे सगळे त्याचे भाष्य.

सूत्राला सरकारी आधार आहे, हे आधी नोंदवू. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले. तासगाव, खानापूर, वाळवा, शिराळा हे साताऱ्याचे तालुके, त्यांत विलीन संस्थानांचे मुलूख घालून खालचा जिल्हा केला, आणि त्याला नाव दिले दक्षिण सातारा. म्हणजे नक्कल पार पडली, नाव बदलायचे राहिले. सांगलीची माणसे दहाएक वर्षे साताऱ्याच्या पत्त्यावर नांदली आणि महाराष्ट्र राज्य झाले त्या सुमारास कुठे 'सांगली जिल्हा' ही पाटी लागली. तरी जुने दुवे तुटले नाहीत. बेचाळीसच्या चळवळीतून उभे राहिलेले प्रतिसरकार पुस्तकांत साताऱ्याचे आहे. नाना पाटलांचे येडेमच्छिंद्र आणि चळवळीचे कुंडल शोधायला निघालात तर एसटी सांगली जिल्ह्यात उतरवते. फाइल हलली, पत्ता जुनाच.

प्रत्यक्ष क्रियेवर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. साइट म्हणजे दोन गोष्टी: फायलींचा ढीग आणि डेटाबेस नावाची वही. ढीग उतरवून घ्यायला रात्र पुरते. वहीसाठी आपल्या संगणकावर झॅम्प नावाचे सॉफ्टवेअर बसवायचे, अपाची आणि मायएसक्यूएल यांच्यापुढची बटणे दाबायची, नावे हिरवी झाली की उदबत्ती लावायला हरकत नाही. (त्या पाटीवर अजून मायएसक्यूएल लिहिलेले असले तरी आत २०१५ पासून मारियाडीबी राहते. दक्षिण साताऱ्याचा हा दुसरा दाखला.) वही आत घेताना पीएचपीने बजावले की २ एमबीच्या वर फाइल चालणार नाही. आमची ४० एमबीची होती. ही मर्यादा कुठल्याशा आयएनआय फाइलीत एकदोन आकडे बदलून वाढते, हे कळायला माणसाच्या आयुष्यातली एक दुपार जाते.

खरा प्रश्न पत्त्याचा. घरच्या संगणकाचा पत्ता १२७.०.०.१, टोपणनाव लोकलहोस्ट. १२७ ने सुरू होणारे १ कोटी ६७ लाखांवर पत्ते जगाने केवळ यासाठी राखून ठेवले आहेत की यंत्राला स्वतःलाच हाक मारता यावी. वेदान्त्यांनी याकडे अजून लक्ष कसे दिले नाही, कोण जाणे. तर हा पत्ता टाकून मी साइट उघडली. उघडली, पेढे दिसले, अजिंक्यतारा दिसला. म्हटले, आता बिनधास्त खेळावे. कंदी पेढ्याचा भाव खोडून १ रुपया किलो केला, बटण दाबले आणि चहा टाकायला उठलो.

वीस मिनिटांनी फोन. "आवो, एक रुपयानं पाच किलोची आर्डर आलीया. पेढं द्यायचं का पैसं परत करायचं?"

घडले ते शास्त्रशुद्ध होते. दादांची साइट वर्डप्रेसवर चालते, आणि वर्डप्रेस आपला पूर्ण पत्ता वहीत दोन ओळींत लिहून ठेवते, एकीचे नाव साइटयूआरएल, दुसरीचे होम. त्या ओळी बदलल्या नाहीत, तर घरच्या दारातून आलेल्या माणसालाही ती मुकाट्याने मूळ गावी नेऊन सोडते. मी सांगलीत बसलोय अशा समजुतीने साताऱ्यातच हात घातला होता. सासरी येऊन सहा महिने झाले तरी कुणी "घरी कधी येणार?" विचारले की माहेरची तारीख सांगणाऱ्या मुलीसारखे हे. दादांनी पेढे दिले. दिलेला शब्द, म्हणाले.

येथे एक उपप्रश्न. अशा चाचणीच्या नकलेला धंद्यातले लोक 'स्टेजिंग' म्हणतात, म्हणजे मुळात रंगमंचावरचा शब्द. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' उभे केले ते सांगलीतच, चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. तेव्हा स्टेजिंगचे माहेर सांगली, असा दावा मी मांडतो. रंगीत तालमीला प्रेक्षक घ्यायचे नसतात, हे भाव्यांच्या गावात राहून मला पाच किलो पेढ्यांनंतर कळले.

आता 'गाव बदला' याचा शब्दार्थ. वहीतल्या काही नोंदी वर्डप्रेस मोजून ठेवते: आधी शब्दाची लांबी बाइटांत, मग शब्द. शब्द बदलला आणि मोजणी तशीच राहिली, की नोंद अख्खी बाद. मेनू जातो, तळपट्टी जाते. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह, काना आणि अनुस्वार धरून, ३ बाइट खाते. 'मिरज' म्हणजे १२, 'कोल्हापूर' म्हणजे २७. आणि 'सातारा'? स, काना, त, काना, र, काना: ६ चिन्हे, १८ बाइट. 'सांगली'? स, काना, अनुस्वार, ग, ल, वेलांटी: ६ चिन्हे, १८ बाइट. बरोब्बर! साताऱ्याच्या जागी सांगली घातली तर यंत्राला पत्ताही लागत नाही. रात्री दीड वाजता मी खोलीत एकटा उभा राहिलो. 'तासगाव'सुद्धा १८ भरते हे पहाटे लक्षात आले. इकडून तिकडे गेलेला तालुका, त्याचेही वजन तेवढेच. १९४९ च्या अधिकाऱ्यांनी हे मोजले होते असे मी म्हणत नाही.

पण हा आनंद व्याकरणाने टिकू दिला नाही. इंग्रजीत गावाचे नाव कुठेही ठेवा, ताठ उभे राहते. मराठीत 'सातारा' नुसता फार थोडा सापडतो. बाकी सगळीकडे 'साताऱ्यात', 'साताऱ्याहून', 'सातारचे', 'सातारी'. शोधा-बदला ही आज्ञा सामान्यरूपापुढे हात टेकते. त्यात पाठभेद: 'साताऱ्या'तला तो अर्धा ऱ दोन रीतींनी साठवता येतो, सबंध एक चिन्ह म्हणून किंवा र खाली नुक्ता देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखे. यंत्राच्या लेखी दोन वेगळी गावे. चार वेळा आज्ञा चालवली, तरी 'साताऱ्यातले आमचे सांगली येथील दुकान' असे एक वाक्य शिल्लक राहिलेच.

काम झाल्यावर दादा म्हणाले, लिंक पाठवा. मी पाठवली. "माज्याकडं काय दिसंना." दिसणार कसे? लोकलहोस्ट प्रत्येकाचा आपापला. त्यांच्या मोबाइलने १२७.०.०.१ म्हणताच स्वतःच्याच खिशात डोकावून पाहिले आणि तिथे काही नाही असे प्रामाणिकपणे कळवले. हे फोनवर पटवून देणे अशक्य. शेवटी दादा सकाळची एसटी धरून स्वतः आले, सोबत अर्ध्या किलोचा बॉक्स. बॉक्स उघडून टेबलावर ठेवला, चष्मा काढला, पुसला, खुर्ची पुढे ओढली.

'आमच्याविषयी' हे पान त्यांच्या वडिलांनी लिहून दिलेले आहे, त्यामुळे सुरुवात तिथूनच. दादा मोठ्याने वाचू लागले. छत्रपती शाहू महाराजांचा राज्याभिषेक १७०८ साली सांगली येथे झाला. पटवर्धनांची सांगली मिरजेपासून वेगळी निघायला त्यानंतर ९३ वर्षे लागली, पण तो तपशील दादांना नको होता. त्यांनी वाक्य पुन्हा एकदा वाचले, या वेळी मनात.

"हे अजून कुणी बगितलं नाही ना?"

"नाही. फक्त ह्या खोलीत आहे."

"बरं झालं," म्हणाले, आणि पेढ्यांच्या बॉक्सला झाकण लावले.