वैध : सोमवार ते गुरुवार

सोसायटीच्या वॉचमनला चुकवून टाय लावलेला एक मुलगा दारात येतो. "काका, कूपनांचं पुस्तक फक्त सातशेचं, बचत पंधरा हजारांची!" आणि कोथिंबिरीच्या जुडीमागे दोन रुपये सुटावेत म्हणून अख्खी मंडई पालथी घालणारा पुणेकर मुकाट सातशे काढून देतो. निम्म्या दराच्या कूपनांतून पंधरा हजार वाचवायचे तर आधी तेवढेच खिशातून घालवावे लागतात, हे त्या मुलाला पक्कं ठाऊक असतं. म्हणून तर तो घाईत असतो.

असो. घेतलंच आहे तर वसूल करू.

सर्वप्रथम भूक विसरा. कधी जेवायचं ते आता पान बारा ठरवणार. एका थाळीवर एक थाळी मोफत : सोमवार ते गुरुवार, सणवार वगळून, पार्सलला नाही. लग्नाचा वाढदिवस शनिवारी येत असेल तर मंगळवारी उरकून घ्या. घरात तिघंच असाल तर शेजारच्या आजोबांना चौथे म्हणून न्या. ते दीड फुलक्यावर हात धुतात, तेव्हा पोटात तुटतं ते आपल्याच.

कूपन दाखवायचं कधी, हा नाजूक मामला. बसल्याबसल्या दाखवलं तर वेटर बेसिनशेजारचं टेबल देतो. बिल आल्यावर दाखवलं तर गल्ल्यावरचे शेठ चष्मा कपाळावर चढवतात, कूपन ट्यूबलाइटसमोर धरतात, मागची मुंगीएवढी अक्षरं ओठ हलवत वाचतात आणि म्हणतात, "ऑर्डरच्या आधी द्यायचं ना, साहेब." मागे रांग. रांगेत हमखास ऑफिसमधलं कुणीतरी.

गंमत म्हणजे त्याच बिलात सर्व्हिस चार्ज बसलेला असतो. तो हॉटेलनं परस्पर लावायचा नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै 2022 मध्येच बजावलंय. पण 'काढा तो' म्हणायला आपली जीभ रेटत नाही. हाच हक्क पुस्तकात छापून, टिंबटिंबांच्या रेषेवर फाडायला दिला असता, तर आपण शेठशी हातघाईवर आलो असतो.

कूपनांचं खानदान तसं भलं. 1887 च्या सुमारास अटलांटात कोका-कोलाच्या चिठ्ठ्या निघाल्या : चिठ्ठी द्या, पाच सेंटांचा ग्लास फुकट प्या. त्यासाठी आधी सातशेचं पुस्तक घ्यावं लागत नव्हतं. इथे सूट दुकानदार देतो, पैसे पुस्तकवाला घेतो आणि दोघांचीही भिस्त आपल्या विसराळूपणावर.

पण मराठी मध्यमवर्ग विसरत नाही. मुदत 31 मार्च, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात घराघरांत धांदल. व्हील अलाइनमेंटचं कूपन आहे, दारात स्कूटर आहे. मग नाशिकच्या मेहुण्याला गाडी घेऊन बोलवा. तो सहकुटुंब चार दिवस राहील, आमरस ओरपेल, पण कूपन वाया जाणार नाही. ब्रायडल मेकअपवर चाळीस टक्के सूट आहे, तेव्हा भाचीच्या स्थळांकडे जरा गांभीर्यानं बघा.

उरतं दातांच्या मोफत तपासणीचं. तेही फाडा. डॉक्टर तोंडात आरसा घालून 'अरेरे' म्हणतील आणि रूट कॅनॉल सांगतील. त्याला कूपन लागू नाही. पुढच्या आवृत्तीत येणार आहे म्हणे. तोवर डाव्या बाजूनं चावा.