ग्रेस रोडवर वाचन

कादंबरी वाचायला सगळ्यांत उत्तम जागा कुठली, असं कुणी विचारलं तर मी ग्रंथालयाचं नाव घेणार नाही. काउंटी क्रिकेटचं मैदान सांगेन. आयपीएलमध्ये पुस्तक उघडून दाखवा! तिथे दोन चेंडूंच्या मधेही कर्णे वाजतात. चार दिवसांच्या काउंटी सामन्यात मात्र दोन षटकांच्या मधे एक परिच्छेद ऐसपैस बसतो. नवा फलंदाज पॅव्हेलियनमधून खेळपट्टीपर्यंत येतो, तेवढ्यात पानही उलटतं.

लेस्टरचं ग्रेस रोड यासाठी फार सोयीचं. लेस्टरशायरचा क्लब १८७९चा, त्याची खूण कोल्हा. १९७५, १९९६ आणि १९९८ अशी तीन काउंटी विजेतेपदं त्याच्या नावावर आहेत. डेव्हिड गावर इथलाच, आणि २०२४ मध्ये आपल्या डोंबिवलीत वाढलेला अजिंक्य रहाणेही कोल्हा मिरवत खेळून गेला. जूनमध्ये इथे साडेनऊपर्यंत उजेड असतो. त्यामुळे कामावरून जरा लवकर सटकलं, की चहानंतरचा खेळ आणि निदान एक प्रकरण पदरात पडतं.

"वाचायचंच असेल तर घरचा सोफा काय वाईट आहे?" असं बायको विचारते. प्रश्न बिनतोड आहे, म्हणून मी चिवड्याचा डबा उचलतो आणि निघतो.

शेजारी बहुतेकदा एक आजोबा असतात. मांडीवर वही, हातात बोटभर उरलेली पेन्सिल. प्रत्येक चेंडूला एक टिंब. विकेट पडते तेव्हा मी नेमका पुस्तकात असतो. टाळ्या ऐकून मान वर करतो आणि विचारतो, "कोण गेला?" ते वहीतल्या नावावर पेन्सिल टेकवतात. एकदा माझ्या ‘कोसला’कडे बघून त्यांनीच विचारलं, "आणि तुमच्याकडे कोण गेलं?"

‘कोसला’ नेमाड्यांची, १९६३ची. तिच्यातला पांडुरंग सांगवीकर काही काळ रोजनिशी लिहितो. इकडे लेस्टरच्या स्यू टाउनसेंड यांचा ॲड्रियन मोल १९८२ मध्ये पुस्तकात अवतरला, तोही रोजनिशीतूनच. वय वर्षं पावणेचौदा, आणि आपण मोठे विचारवंत आहोत याबद्दल त्याला तिळमात्र शंका नाही. दोघांना ग्रेस रोडच्या एका बाकावर बसवलं तर खेळाकडे दोघंही बघणार नाहीत. माझी संगत ही अशी आहे.

लेस्टरचेच दुसरे कादंबरीकार सी. पी. स्नो, जन्म १९०५चा. क्रिकेटचं त्यांना वेड. रामानुजनना केंब्रिजला बोलावून घेणारे गणिती हार्डी हे त्यांचे स्नेही, आणि त्यांची एक आठवण स्नोंनी लिहून ठेवली आहे. हार्डी नास्तिक; पण देव आपल्या वाईटावर आहे, अशी त्यांची पक्की खात्री. लख्ख उन्हातही ते मैदानावर स्वेटर, छत्री आणि तपासायच्या कागदांचा गठ्ठा घेऊन जात. पाऊस पडला तर याचं काम उरकेल, असं देवाला वाटावं आणि त्याने मुद्दाम ऊन पाडावं, असा हा डाव.

मीही जाडजूड कादंबऱ्या नेऊन पाहिल्या. तरी पाऊस येतो, कव्हरं पसरतात आणि पंच आत जातात. कादंबरी वाचणं हे काम आहे, यावर देवाचा विश्वास नसावा. घरच्यांचाही नाही. पण पावसाने खेळ थांबतो, गोष्ट थांबत नाही. छताखाली सरकून बसलं की झालं.

तेव्हा उन्हाळ्यात मुलांकडे इंग्लंडला आलात, तर एक संध्याकाळ ग्रेस रोडसाठी राखून ठेवा. २०२५ मध्ये लेस्टरशायरने दुसऱ्या विभागात पहिला नंबर काढला आहे, त्यामुळे खेळही बघण्याजोगा आहे. छत्री आणा, चिवडा आणा; कादंबरी मात्र मराठीच आणा. शेजारचे आजोबा कितीही डोकावले, तरी शेवट फुटायची भीती नाही.